‘लवकरच’ येणारी तार

पुण्याहून जळगावला उतरले तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि ऊन मात्र दुपारचं होतं. एका महाविद्यालयाने मला व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय आमच्या प्रयोगशाळेतला: मेंदूत बसवायच्या तारेवर हायड्रोजेलचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ जेलचा, पातळ थर द्यायचा. त्यातून औषध हळूहळू झिरपतं आणि तारेभोवती सूज कमी येते, व्रणही कमी धरतो.

सभागृहाबाहेर फलक होता: ‘मेंदू आणि हायड्रोजन’.

“शेवटी थोडं चुकलंय, मॅडम,” प्राचार्य म्हणाले. “पण अर्थ पोचतो.”

मग शाल, श्रीफळ, केळीच्या धाग्यांची पिशवी आणि अध्यक्षांचं मेंदूविषयी पाऊण तासाचं भाषण. त्यात मेंदू सोडून सगळं आलं. मला बारा मिनिटं उरली. तेवढ्यात मीही फुशारकी मारून घेतलीच. नंतर वांग्याचं भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी. दिवसभरात पोटात आणि डोक्यात गेलेली सर्वांत भरीव गोष्ट तीच.

हात धुताना एक बाई जवळ आल्या. सुरेखाताई, इथल्याच शाळेत शिक्षिका. त्यांनी पर्समधून कात्रण काढलं: ‘मेंदूसाठी नवी औषधी तार लवकरच!’ बातमी आमचीच. प्रसिद्धीपत्रक मी लिहिलेलं. ‘लवकरच’ आमच्या संचालकांनी घालायला सांगितलं होतं आणि मी निमूट घातलं होतं.

“आमचे नाना यासाठी थांबलेत,” त्या म्हणाल्या.

त्यांचे वडील सोनगीरला. कंपवातासाठी मेंदूत हलकी वीज सोडणारी तार, तिला वीज पुरवणारी बॅटरी गळ्याखाली छातीत. बॅटरी संपत आली म्हणून डॉक्टरांनी बदलायची तारीख दिली, ती नानांनी रद्द केली. नवी तार येतेच आहे, मग कापाकापी एकदाच होऊ दे, असा त्यांचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी नानांना खरं काय ते सांगायला सुरेखाताईंबरोबर निघाले. एसटीची खिडकी बंद होईना. धुळ्याला पोचेपर्यंत गावाच्या नावाचा अर्थ केसांत साठला होता. तिथून गाडी बदलून सोनगीर.

नाना तांब्यापितळेच्या भांड्यांवर नावं कोरायचे. आता चहाचा कप अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, तोंडाशी धरत होत्या. तरी चहा सदऱ्यावर सांडलाच.

“ताई, जेल म्हणजे आमनी कल्हईच शे ना?”

“साधारण तसंच, नाना.”

“मंग मन्ही तारले लाई द्या.” (माझ्या तारेला लावून द्या.)

थर तार घालण्याआधीच द्यावा लागतो, हे मी सांगितलं. बॅटरीचा आणि त्या थराचा संबंध नाही, हेही. आणि शेवटी, जे आधी सांगायला हवं होतं ते: आमचं काम अजून उंदरांवरच चालू आहे.

नानांनी विचार केला. “तो उंदीर आते कसा शे?” (आता कसा आहे?)

व्रण किती धरला हे पाहायला उंदीर मारावाच लागतो. मी तसं सांगितलं.

अक्कांनी कप खाली आपटला आणि तारीख रद्द करणाऱ्या नानांवर कडाडल्या. “आयका! बठ्ठा डॉक्टर येडा शेतस का?” (सगळे डॉक्टर वेडे आहेत का?)

नाना मात्र माझ्याकडेच बघत होते. या वेळी शाळेतल्यासारखं शुद्ध बोलले. “ते ‘लवकरच’ कोणी लिहिलं?”

“मी.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फोन उचलला, पण बोट थरथरून पडद्यावर ठरेना. मग फोन लेकीपुढे सरकवला. “डॉक्टरांची तारीख घे.”

पुण्यात परतल्यावर संचालकांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, “फोटो काढलास का? अहवालात चालला असता.”

महिन्याभराने सुरेखाताईंचा फोन आला. बॅटरी बदलली होती, नाना स्वतःच्या हाताने चहा पीत होते. त्याच संध्याकाळी मी नवं पत्रक लिहिलं: हे संशोधन उंदरांवर चालू आहे, माणसांसाठी उपलब्ध नाही, कुणीही ठरलेली शस्त्रक्रिया यासाठी लांबवू नये. तीन वाक्यं, तिन्ही खरी. एकाही वर्तमानपत्राने ती छापली नाहीत. “यात बातमी काय आहे, मॅडम?” एका संपादकांनी समजावलं. “प्रवासवर्णन वगैरे असेल तर पाठवा.”

म्हणून हे पाठवते आहे.