देवरे सरांचा पुरावा

देवरे सर इंग्रजी वाक्याला पुरावा मागत. वाक्य मजा आल्याचं किंवा हसू आल्याचं असेल, तर हमखास. पारोळ्याच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवत असे. त्यांचा वर्ग भिंतीपलीकडे. एकदा नववीतला भावडू उठून म्हणाला, "आय लाफ्ड माय हेड ऑफ."

"डोकं उडेपर्यंत हसलास? कशावर?" सरांनी विचारलं. "आम्हीही हसलो, तर वाक्य पास."

भावडू घरच्या बोलीवर आला. "सर, मामाना लगनमा नवरदेवनं घोडं पानी पेवाले हाळवर गयं. बठ्ठी वरात त्याना मांगे. बँडवाला वाजाडतच राहिना!"

वर्ग असा हसला की माझ्याकडचा समास थांबला. "पास," सर म्हणाले.

"शब्द इंग्रजांचे घ्या, हसू घरचं आणा," असं ते पोरांना सांगत.

स्वतः ते तात्पुरत्या नेमणुकीवर होते. कायम करण्याच्या हुकुमावर संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब सही करणार होते, आणि सही स्नेहसंमेलनानंतर होणार होती. संमेलनाला पुण्याचे पाहुणे यायचे होते. आबासाहेबांनी सरांना बोलावून घेतलं. "आभार इंग्रजीतून माना. माझ्या भाषणाला लोक पोट धरून हसले, तेही त्यात येऊ द्या."

भाषण सुरू झालं तेव्हा मंडपात ऊन होतं. संपलं तेव्हा नव्हतं. मध्ये एक विनोद झाला. आधी आबासाहेब स्वतः हसले, मग मुख्याध्यापक, मग सेवाज्येष्ठतेप्रमाणे आम्ही. पोरं हसली नाहीत. त्यांना कोणी नोकरीवर ठेवलं नव्हतं.

देवरे सरांनी सुरेख इंग्रजीत पाहुण्यांचे, मंडपवाल्याचे, चहावाल्याचे आभार मानले आणि ते खाली बसू लागले.

"सर, ते हसण्याचं राहिलं," आबासाहेबांनी आठवण करून दिली.

"पोरं हसली असती तर म्हटलं असतं, आबासाहेब."

हुकूम आला नाही. जूनमध्ये सरांना साक्रीकडच्या एका शाळेत जावं लागलं, पुन्हा तात्पुरतंच.

निघण्याआधी ते वर्गात आले. मीही दाराशी उभा होतो. मुख्याध्यापकांनी दोन शब्द बोलता बोलता बरेच शब्द वापरले. मग भावडू उठला. "सर, वी हॅड अ व्हेल ऑफ अ टाइम."

सरांनी सवयीनं विचारलं, "देवमाशाएवढी मजा? पुरावा?"

भावडूनं बाकाची कड धरली. कसंबसं म्हणाला, "सर... घोडं."

सगळा वर्ग हसला. सरही हसले, चष्मा काढून पुसत.

"पास," ते म्हणाले, आणि पिशवी उचलून एसटी स्टँडकडे निघाले.