पहिल्या रांगेतलं ऊन

वहिनी कारखान्यात शिरायची ती नाकाला रुमाल लावूनच. कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबट खोली. दोन शिलाई मशिनं, छतापर्यंत रचलेले जाड कापडाचे तागे, कोपऱ्यात टेकवलेले खांब आणि दोऱ्याला लावायच्या मेणाचा वास. तो वास मांडववालीच्या केसांतही मुरला होता. सगळे तिला मांडववालीच म्हणायचे, चिडवायचं असलं की सख्खा भाऊसुद्धा. त्याची बायको मात्र म्हणायची ‘वन्सं’, आणि त्यात साखर इतकी असायची की मुंग्या लागाव्यात.

"शी बाई, किती कोंदट! वन्सं, या वासात तुम्ही जेवता तरी कशा?"

"तोंडाने. बस ना."

वहिनी बसली नाही. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. उघड्या मैदानावर, ऐन उन्हाळ्यात, तेही भर दुपारी.

"दुपारी?" मांडववालीने मशिनीचं चाक हाताने थांबवलं. "संध्याकाळी घे गं वहिनी. माणसं भाजून निघतील."

"दुपारच्या उजेडात व्हिडिओ झकास येतो. आणि मांडव तुमचा म्हटल्यावर ऊन आत येईलच कसं?"

"पंखे किती लावायचे?"

"एकही नाही. घरघर रेकॉर्ड होते. आणि ऐका, पहिल्या रांगेत मधोमध माझी खुर्ची. मखमलीची, उंच पाठीची. विधी सुरू झाला की संपेपर्यंत त्या रांगेतून कोणी उठायचं नाही, सगळ्यांना बजावलंय मी. मध्येच खुर्ची रिकामी दिसली तर शोभा जाते."

"कोणीच उठायचं नाही," मांडववाली सावकाश म्हणाली. "बरा नियम आहे. आणि आई?"

"आईंना मागे बसवू. पुढे उगाच अवघडतात हो त्या."

मांडववालीने पुन्हा मशीन सुरू केली. वहिनीला वाटलं, बोलणं संपलं. तसं ते संपलं नव्हतं. ते फार वर्षांपूर्वीच सुरू झालं होतं, मांडववालीच्या स्वतःच्या लग्नात.

त्या लग्नाचा मांडव आईने शिवला होता. आई याच खोलीत, याच धंद्यात म्हातारी झाली. लेकीसाठी तिने महिनाभर खपून पिवळं कापड जोडलं, बोटांची चाळण करून घेतली. नवी नवरी मांडवात आली आणि तिने पहिल्या रांगेत आईला शोधलं. आईच्या खुर्चीत वहिनीची मावशी ऐसपैस बसून वारा घेत होती. आई कुठेच नव्हती. विधीभर नवरीची मान वळून वळून अवघडली. फोटोवाला ओरडला, "नवरीबाई, समोर बघा!" नंतर कळलं. वहिनी आईला म्हणाली होती, "तुमच्याशिवाय स्वयंपाकाकडे कोण बघणार?" आणि मागच्या चुलींपाशी तिला उन्हात उभं केलं होतं. खरं कारण म्हणजे कापड रंगवून निळे पडलेले आईचे हात. वहिनीला स्वतःच्या माहेरच्या माणसांसमोर ते नको होते. जिने सगळ्यांसाठी सावली शिवली, ती चक्कर येऊन चुलीशेजारी खाली बसली, तेव्हा मांडवात टाळ्या वाजत होत्या.

आई त्यावर आजवर एक अक्षर बोलली नव्हती. लेकीच्या पोटात मात्र ते जसंच्या तसं राहिलं होतं. आणि आता वहिनी स्वतःच्या पायांनी तिच्या हाती आली होती.

मांडवकामाची एक रीत असते. उन्हाळ्यात छत सगळं बंद ठेवून चालत नाही. खालची गरम हवा वर चढते, तिला बाहेर पडायला कापडात लांबट फट ठेवावी लागते. त्या फटीतून उन्हाचा पट्टा खाली उतरतो आणि सूर्याबरोबर सरकत जातो. तो खुर्च्यांमधल्या येण्याजाण्याच्या वाटेवरच पडेल, कोणाच्या अंगावर नाही, अशी जागा हेरून मगच फट ठेवायची. फटीला दोर लावलेला असतो. तो शेवटच्या खांबापर्यंत येतो. ओढला की फट पडद्यासारखी मिटते. हे सगळं आईनेच शिकवलेलं.

लग्नाच्या आदल्या दुपारी, विधीच्याच वेळेला, मांडववाली मैदानावर गेली. मखमली खुर्ची जिथे येणार होती तिथे तिने एक बादली पालथी घातली आणि छताकडे बघत बसली. फट वाटेवर नव्हती. चांगली दोन हात अलीकडे होती. उन्हाचा पट्टा गवतावरून रांगत आला, बादलीच्या कडेला लागला, मग चढून बसला तो बराच वेळ हलेचना.

"आत्या, बादलीला ऊन देतेयस?"

मागे भाची उभी होती, उद्याची नवरी. तिला घरात सगळे पिलू म्हणत.

"हो गं. सर्दी झालीय तिला."

पिलू खळखळून हसली. मग म्हणाली, "आजी पुढे बसणार ना? मी समोर बघितलं की मला ती दिसायला हवी."

"तुझ्या आईला विचार," एवढंच मांडववाली म्हणाली आणि बादली उचलून चालू लागली. फट तिने हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हाने नुसता कहर केला. पाहुणे आमंत्रणपत्रिकांनीच वारा घेत होते. वहिनी गडद मखमलीचा जड पोशाख घालून, चेहऱ्यावर थरांवर थर चढवून, मांडवभर मिरवत होती. मांडववाली शेवटच्या खांबाशी दोराजवळ उभी राहिली. शेजारच्या खुर्चीत आई, निळसर हात मांडीवर घेऊन.

तेवढ्यात वराकडच्यांनी घोटाळा केला. त्यांनी आपल्या म्हाताऱ्या आजीबाईंना हाताला धरून वाजतगाजत पहिल्या रांगेत आणलं. पिलू सगळ्यांदेखत म्हणाली, "आणि माझी आजी?" वहिनीचा चेहरा क्षणभर उतरला आणि लगेच फुलला. ती तरातरा मागे आली.

"आई, अहो इथे काय बसलात! चला, पुढे चला. आमच्याकडेही वडीलधाऱ्यांना मान असतो हो!" शेवटचं वाक्य वराकडच्या दिशेने.

"अगं वहिनी, राहू दे..." मांडववाली कशीबशी म्हणाली.

वहिनीने आईला नेलं ते थेट मखमली खुर्चीकडे. वरून ऊन पट्ट्याने उतरू लागलंच होतं. खुर्चीपासून हातभर अंतरावर गवत पेटल्यासारखं चमकत होतं. मांडववालीने दोर मुठीत धरला. ओढला तर इतक्या वर्षांचा हिशेब इथेच बुडाला. नाही ओढला तर पुन्हा आईच उन्हात, आणि या खेपेला लेकीच्या हाताने. तिने दात-ओठ खाल्ले. दोर ताणला.

आई खुर्चीशी पोचली, पण बसली नाही. सवयीने तिने वर पाहिलं. छत, फट, मग मधली रिकामी वाट. मग खुर्चीसमोरचा उन्हाचा पट्टा. मग मान वळवून तिने शेवटच्या खांबाशी उभ्या लेकीकडे पाहिलं. लहानपणी तिचा एखादा वाकडा टाका पकडल्यावर बघायची, तसं.

लेकीच्या हातातला दोर सैल पडला.

"सूनबाई," आई म्हणाली. आवाज मऊ, पण मांडवभर पोचेल असा. "ही मुलीच्या आईची जागा. इथे तूच बसायचं."

"अहो, पण मी स्वतः म्हणतेय..."

"मुलीचं लग्न मुलीच्या आईने पुढे बसून बघावं. माझं राहिलं. तुझं राहायला नको." आईने तिच्या खांद्यावर निळा हात ठेवला आणि हलकेच दाबला. वराकडची आजी कौतुकाने म्हणाली, "किती समजूतदार हो!" वहिनीला बसण्याशिवाय इलाज नव्हता.

आई मागे आली, आपल्या खुर्चीत टेकली. विधी सुरू झाला.

ऊन आधी वहिनीच्या चपलांवर आलं. तिने पाय मागे घेतले. मग गुडघे, मग मांडी. मखमल तापली. ऊन चेहऱ्यावर चढलं तशी वहिनीने मान उजवीकडे केली, डावीकडे केली. पट्टा रुंद होता. ती जराशी उठल्यासारखी झाली तर व्हिडिओवाल्याने लांबूनच हात हलवला, "मॅडम, बसा, बसा! तुम्हीच सांगितलंय ना!" वहिनी बसली. कपाळावरून घामाचा एक ओघळ निघाला, भुवईपाशी रंग घेऊन गालावर उतरला. मग दुसरा. काजळ हनुवटीपर्यंत आलं. वराकडच्या आजीने हळूच आपली खुर्ची सावलीत सरकवली.

मांडववाली डोळे भरून बघत होती. इतकी वर्षं तिने हे मनात शेकडो वेळा पाहिलं होतं, पण काजळाचं तिला कधी सुचलं नव्हतं.

"फट दोन हात अलीकडे घेतलीस," आई पुटपुटली, समोरून नजर न हटवता.

"हो."

"दीड हात पुरला असता."

वधूवर एकमेकांना वचनं देत होते. बोलता बोलता पिलूची नजर पहिल्या रांगेतल्या आपल्या आईवर गेली आणि ती अडखळली. एकदा. मग पुन्हा, तेच वाक्य पहिल्यापासून. मांडववालीला ती अवघडलेली मान ओळखीची वाटली. स्वतःच्या लग्नातली. पोटातला गोडवा एकदम आंबला.

"आई, पोरीचं लक्ष नाही विधीत. पुरे आता. ओढते दोर."

तिने हात पुढे केला. दोर खांबावर नव्हता. तो आईच्या मुठीत होता, दोन वेढे देऊन.

"थांब," आई म्हणाली. "माझं झालं नाही अजून."