निजा, ताता, निजा!

मूर्खपणा सगळेच करतात हो. पण आपल्या मूर्खपणापायी एका भल्या म्हाताऱ्यानं चार दिवस जेवण टाकलं, असा पराक्रम तुमच्यापैकी कोणाच्या नावावर आहे का? माझ्या आहे. हसू नका राजेहो! तो आठवडा आठवला की मला आजही हाताला घाम सुटतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नागपूरहून मी बंगळूरला आलो होतो, तिथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात लेथ मशीनवर कामाला. राजाजीनगरात माडीवरची खोली मिळाली होती. बाहेरून जिना, वर मी आणि खाली घरमालक. मालक म्हणजे ताता. ताता म्हणजे कानडीत आजोबा. वय सत्तरीच्या पुढे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि साखरेचा आजार. मुलगा नोकरीसाठी परदेशात, त्यामुळे घरात ताता आणि त्यांची सून. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणायचो.

त्या दोघांना कानडीशिवाय काही येत नव्हतं, आणि माझी कानडी तीन शब्दांची. स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे बरं, साकु म्हणजे पुरे. या तीन शब्दांवर मी तीन महिने काढले होते, आणि वर मला वाटायचं की आपलं मस्त चाललंय!

तरी ताता माझे जिगरी दोस्त होते. कशामुळे? तर कुस्तीमुळे. रविवारी दुपारी आमचा केबलवाला विलायती कुस्त्यांच्या जुन्या, गाजलेल्या लढतींच्या कॅसेटी लावायचा. आपली मातीतली कुस्ती नाही हां. त्या दोराच्या रिंगणातल्या, चकचकीत चड्ड्यांच्या, खुर्च्यांनी डोकी फोडायच्या. कोण जिंकणार ते आधी ठरलेलं, कोण कधी पडणार तेही ठरलेलं.

मला ते ठरलेलं असतं हे पक्कं माहीत होतं आणि त्याच्यामुळेच मी वेडा झालो होतो. वहीच केली होती मी! प्रत्येक लढतीला दहापैकी गुण. आपटणं, पडणं, कण्हणं, आणि प्रेक्षकांना रडवणं, असे चार रकाने, वर पैलवानाचं चित्रही. लोक मारणाऱ्याकडे बघतात ना, मी मार खाणाऱ्याकडे बघायचो. मारणारा नुसता हात फिरवतो हो, मार बसला असं दाखवायचं काम समोरच्याचं. नीट पडणारा गडी मिळाला तर ढोल्यातला ढोल्या पैलवानही राक्षस वाटतो, आणि पडणारा आळशी असला की सगळा तमाशा. यावर मी तासभर बोलू शकतो, पण बायको आतून बघतेय.

ताताही गुण द्यायचे, बोटांवर. लढत संपली की मी माझी बोटं दाखवायचो, ते त्यांची. माझी सात, त्यांची आठ. खूश! मी अभिनयाला देत होतो आणि ते शौर्याला देत होते, हे दोघांनाही माहीत नव्हतं. आम्ही दोघं वेगवेगळ्या परीक्षांचे पेपर तपासत होतो म्हणा ना.

ताताचा एक लाडका गडी होता. पांढऱ्या दाढीचा, हिरव्या चड्डीतला, वयस्कर. ताता त्याला ‘नम्म भीमा’ म्हणायचे, म्हणजे आमचा भीम. तो आला की ताता खुर्चीतून उठून उभे राहायचे.

तर त्या रविवारी भीमाची ती लढत लागली. मी नागपूरला मित्राकडे एकदा बघितली होती, तेव्हापासून पुन्हा बघायला तडफडत होतो. समोर गॉगल लावणारा एक दुष्ट. भीमानं त्याला अर्धा तास धुतला. मग गॉगलवाल्यानं पंचाची नजर चुकवून मागून डोक्यात लोखंडी खुर्ची घातली. भीमा थांबला, एकदा लोकांकडे बघितलं, गुडघ्यावर आला, आणि असा सावकाश, असा सावकाश आडवा झाला की काय सांगू! पंचानं हात उचलून सोडला, तो खाली पडला. स्ट्रेचर आलं. तोंडावरून पांढरी चादर ओढली. लोक रडत होते. आणि ती चादर श्वासानं जरासुद्धा हलू दिली नाही पठ्ठ्यानं!

अहो, यापेक्षा भारी पडणं मी आयुष्यात बघितलं नव्हतं. आनंदानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ताताकडे वळलो आणि दोन्ही हात वर करून दहाच्या दहा बोटं दाखवली.

ताता पांढरेफटक पडले होते. एक हात छातीवर. माझ्या दहा बोटांकडे बघत राहिले, मग टीव्हीकडे बोट करून, अगदी बारीक आवाजात म्हणाले, “निजाना?”

आता तुम्हीच सांगा, नागपूरच्या माणसानं याचा अर्थ काय घ्यायचा? आमच्याकडे घराघरात म्हणतात, “निजा ना आता, किती वेळ जागता?” मला वाटलं, वा! म्हातारा माझ्यासाठी मराठी शिकला! टीव्ही बंद कर, आता निजा ना, म्हणतोय. जेवण झालेलं, दुपारची वेळ, चेहराही थकलेला.

मी प्रेमानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, “निजा, निजा!”

“निजाना?” त्यांनी पुन्हा विचारलं.

“हो हो, निजा!” आणि नीट समजावं म्हणून मी दोन्ही तळहात गालाखाली घेतले, मान कलती केली, डोळे मिटले, आणि चांगला वेळभर तसाच राहिलो.

डोळे उघडले तर ताता रडत होते. मला वाटलं, मराठी जमली म्हणून गहिवरून आलं असेल.

सोमवारी कामावरून आलो, तर टीव्हीवर चादर घातलेली. ताता भिंतीला टेकून बसलेले, दाढी वाढलेली. अक्कानं मला आतून ताट आणून दाखवलं. भात जसाच्या तसा, घाससुद्धा मोडलेला नव्हता. ती घाबरून काहीतरी भराभर सांगत होती, गोळ्यांची डबी दाखवत होती. साखरेच्या माणसानं गोळ्या घ्यायच्या आणि जेवायचं नाही म्हणजे काय होतं, ते मला माहीत होतं. माझा एक मामा तसाच चक्कर येऊन पडला होता.

मी ताताच्या शेजारी बसलो. त्यांनी माझ्याकडे आशेनं बघितलं. “निजाना?”

मला भडभडून आलं. बिचाऱ्याला झोपही नाही! मी पाठीवरून हात फिरवत म्हटलं, “निजा, ताता, निजा.”

म्हाताऱ्यानं भिंतीकडे तोंड केलं.

मंगळवारी टीव्हीपुढे समई. मला वाटलं यांचा काही सण असेल. मी चपला काढून टीव्हीला नमस्कार केला. ताता नुसतं ताक पिऊन होते. त्यांनी पुन्हा तेच विचारलं आणि मी, देवा रे, मी तेच सांगितलं. वर गेलो, पण मला कुठलं निजवतंय! हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत खंगतोय, याला काही झालं तर त्याच्या मुलाला काय तोंड दाखवायचं? शेवटी टीव्ही बघत कोण बसलं होतं त्यांच्याबरोबर? मीच ना!

बुधवारी लेथवर माझे लागोपाठ तीन जॉब, म्हणजे कातायचे तुकडे, वाया गेले. शेजारच्या मशीनवर मानेअण्णा असायचे. घर मराठी, पण सात पिढ्या बंगळुरात. पहिल्या दिवसापासून मला नावानं हाक न मारता ‘नागपूर’ म्हणायचे.

“काय रे नागपूर, स्वल्प बघून काम कर की! ध्यान कुठं तुझं?”

मी सगळं सांगितलं. कुस्ती, स्ट्रेचर, ताट, समई. मानेअण्णा ऐकत होते.

“म्हातारा काय बोलतो काय तरी?”

“काही नाही हो. झोप येत नाही त्याला. सारखं ‘निजा ना’ म्हणतो.”

“आणि तू?”

“मी म्हणतो, निजा.”

मानेअण्णांनी मशीन बंद केलं. “अय्यो! निजा म्हंजे कानडीत खरं रे! खरं! तो विचारतो, हे खरं काय? आणि तू तीन दिस म्हाताऱ्याला काय सांगतोस? खरं, खरं, मेला म्हणून!”

म्हटलं, अण्णा, मी गालाखाली हात घेऊन डोळे पण मिटून दाखवले हो! आणि दहापैकी दहा दिले!

“मेलेल्या माणसाला दहा दिलास?” मानेअण्णा कपाळ धरून बसले. मग म्हणाले, “सरी. आत्ता घरी जा. खोटं म्हंजे सुळ्ळु. जाऊन सांग, एल्ला सुळ्ळु. सगळं खोटं. पाठ कर.”

अर्धी रजा टाकली. दोन बस बदलायच्या. विसरू नये म्हणून मी तोंडानं “सुळ्ळु, सुळ्ळु” घोकत होतो. कंडक्टर सज्जनपणानं काहीतरी म्हणाला, बहुतेक पुढे सरका असेल. मी त्याच्याकडे बघून म्हणालो, “सुळ्ळु.” तो असा काही भडकला की पुढच्या थांब्यावर मी आपला गुपचूप उतरलो आणि उरलेली वाट पळत गेलो.

घरात शिरलो तो ओरडतच. “ताता! सुळ्ळु! एल्ला सुळ्ळु!”

ताता डोळे बारीक करून बघायला लागले. शब्दांनी भागेना, म्हणून मी प्रयोगच सुरू केला. स्वतःच्या गालाजवळून हात नेला आणि त्याच वेळी जमिनीवर पाय आपटला, फाट! हे बघा, मार लागतच नाही. “सुळ्ळु!” मग गुडघ्यावर आलो, सावकाश आडवा झालो, अक्काच्या दोरीवरची धुतलेली चादर तोंडावर घेतली, श्वास रोखला. आणि टुणकन उठून बसलो. “भीमा! सुळ्ळु!” वही आणून दाखवली, त्यात या लढतीनंतरच्या एका लढतीच्या पानावर हिरव्या चड्डीचं चित्र होतं, पांढरी दाढी आणि हसरं तोंड. हे मेल्यानंतरचं, म्हणून खूण केली.

अक्का तोंडाला पदर लावून हसत होती. ताता मात्र हसेनात. माझ्याकडे बघतात, वहीकडे बघतात, नाकपुड्या फुलल्यात. मला वाटलं, झालं! ज्याच्यासाठी चार दिवस रडलो ते नाटक होतं म्हटल्यावर कोणाला राग येणार नाही? आणि फसवणारा समोरच उभा.

ताता भिंतीचा आधार घेत उभे राहिले. डोळे पुसले. आणि दाराकडे, जिन्याच्या बाजूला हात करून, चार दिवसांत पहिल्यांदा, मोठ्यानं म्हणाले, “ऊटा माडी!”

उठा! माडी!

याचा अर्थ सांगायला मानेअण्णा कशाला हवेत? ऊठ, आणि माडीवर चालता हो. मी म्हटलं, “सरी ताता.” जिना चढलो. वर बसून विचार केला, नुसतं वर जायला सांगितलंय की खोलीच सोडायला? ज्या माणसाला मी चार दिवस छळलं, त्यानं बोलून दाखवेपर्यंत थांबायचं? आपणच समजून घ्यावं. ट्रंक भरली, गादी गुंडाळली. बाजूच्या फाटकानं, कोणाच्या नजरेला न पडता, डोळे पुसत निघालो आणि रिक्षा करून मानेअण्णांच्या दारात जाऊन बसलो.

ते पाळी संपवून नुकतेच आले होते. “ट्रंक कशाला रे?”

“हाकललं, अण्णा.”

“ताता? तू सांगतोस त्यावरनं तसा माणूस वाटत नाही तो. काय म्हणाला? शब्द सांग, शब्द.”

“आता मराठीत बोलले हो! ‘उठा, माडी’ म्हणाले. असा हात करून.”

आतून मानेवहिनींच्या हातातलं काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मानेअण्णांनी काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली.

“नागपूर, त्या बाजूला मोरी आहे काय? हात धुवायची?”

“जिन्याखाली आहे. का?”

“ऊटा म्हंजे जेवण. माडी म्हंजे करा. हात धू आणि जेवायला बस, म्हणाला तो तुला. अरे, चार दिसानं त्याला भूक लागली आणि तुला पंगतीला बोलावलं! किती वेळ झाला?”

“तास झाला असेल...”

“आणि पाहुण्याला सोडून तो म्हातारा जेवणार?”

अगं आई गं! साखरेचा माणूस, चार दिवस उपाशी, आणि आता माझ्यासाठी ताटावर खोळंबलाय! आम्ही दोघं तशाच रिक्षात बसलो, ट्रंक माझ्या मांडीवर. सगळी वाट माझ्या डोळ्यांपुढे स्ट्रेचर आणि पांढरी चादर. या वेळी खरी.

पोचलो तर ताता पाटावर बसलेले, समोर दोन पानं वाढलेली. एका पानापुढे ते, दुसऱ्यापुढचा पाट रिकामा. त्यांच्या पानातला भात गार होऊन गेला होता. अक्का दारात उभी राहून रस्ता बघत होती. तिनं आधी मला बघितलं, मग ट्रंक, मग काखेतली गादी.

मानेअण्णांनी कानडीत सगळं सांगितलं. ‘निजा’ सांगितलं, ‘माडी’ सांगितलं, टीव्हीला नमस्कार केला तेही सांगितलं, जे सांगायची काही गरज नव्हती. ताता ऐकत होते. हात पानाजवळ, पण घास उचलेनात. मग त्यांनी माझ्याकडे खालून वर बघितलं आणि मानेअण्णांना हळूच काहीतरी विचारलं.

“काय म्हणतायत?” मी घाबरून विचारलं.

“म्हणतायत, तुझ्या वहीत सगळं नाटक असतं म्हणे. मग हा एवढा बावळटपणा कोण माणूस खरोखर करेल काय? की हेही तुम्ही आधी ठरवून केलं?”

“मग तुम्ही काय सांगितलं?”

“काय सांगणार? तीन महिने माझ्या शेजारच्या मशीनवर बघतोय. म्हटलं, ताता, नाटक नाही. पोरगा असाच आहे.”

ताताची खात्री पटली, आणि तेव्हा कुठे ते जेवले.