किनारा दिसतो तोवर

अण्णा गेल्याची तार मालवणहून आली तेव्हा मी कोर्टाला निघायच्या गडबडीत होतो. अंगातला कोट तसाच ठेवून पायरीवर बसलो. त्याला आता दीड महिना झाला. समाचाराला येणारा जो तो एकच म्हणतो, ‘तुमचे थोरले बंधू समाधानी हो. दर दिवाळीला वेंगुर्ल्याला उतरायचं, ओळखीच्या तांडेलाच्या मचव्यात बसायचं, या खाडीत दोन दिवस, त्या बंदरात चार दिवस... हौशी माणूस.’ मी मान डोलावतो. डोंबलाचं समाधान. त्याच्या पायात खोडा घातला तो मीच.

तरुणपणी अण्णा निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याचा कारकून म्हणून वेंगुर्ले बंदरावर होता. माल चढवता चढवता शीड बांधायला, वारा ओळखायला शिकला. मस्कतला निघालेल्या एका गलबताच्या तांडेलानं त्याला विचारलं, येतोस का? अण्णानं मला पत्र घातलं, ‘पंधरा दिवसांत निघतोय. आप्पांना सांगू नकोस रं, पोचल्यावर मीच कळवीन.’ आप्पा म्हणजे आमचे वडील. त्यांचं एक घरगुती शास्त्र होतं : किनारा दिसतो तोवर तो प्रवास; दिसेनासा झाला की समुद्र ओलांडला, माणूस जातीबाहेर. आणि माझी तर नंदगडला सोयरीक ठरत आलेली. भाऊ वाळीत पडल्यावर मला मुलगी कोण देणार... मी पत्र नेऊन आप्पांच्या हातात दिलं. आप्पा घाट उतरून गेले आणि त्याला घेऊनच परतले.

पत्र आप्पांना कुणी दिलं हे अण्णाला ठाऊक होतं; तरी माझ्या लग्नात पंगतीत त्यानं जिलेबी वाढली. स्वतः मात्र लग्न केलं नाही. आमच्याच गावात, खासबागेतल्या शाळेत मास्तर झाला आणि सुट्टीत किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडू लागला.

पुढं माझा मुलगा शिकायला विलायतेला निघाला, तेव्हा स्टेशनवर त्याला हार घातला तो त्याच आप्पांनी. ‘काळ बदलला,’ म्हणाले. अण्णानं पोराला बाजूला घेतलं.

‘जमीन किती दिवस दिसत न्हाय रं?’

‘एडनपर्यंत पाच-सहा दिवस असतील, काका. का हो?’

‘काय न्हाय. तेवढे दिवस झोपून काढू नकोस म्हंजे झालं.’

मग माझ्याकडं बघून हसला. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर मला सोसलं असतं.

मी मालवणला पोचेस्तोवर तिथल्या लोकांनी अग्नी दिला होता. अस्थी घेऊन मचव्यात बसलो. अण्णाला वर्षानुवर्षं हिंडवणारा तांडेल म्हणाला, ‘खंयपर्यंत जावया?’ मी म्हटलं, किनारा दिसेनासा होईपर्यंत. तासाभरात मचवा हेलकावायला लागला. दोनदा ओकलो, आणि मला भीती वाटायला लागली. मागं माडांची रांग अजून दिसत होती.

‘बस, इथंच,’ मी म्हणालो.

तांडेलानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि शीड उतरवलं. दुसऱ्यांदाही अण्णाला मीच अडवलं.