दोन घमेली मीठ

ती सकाळ आठवली की आजही माझ्या नाकात व्हिनेगरचा वास शिरतो. नातवानं बाहेरून मंचुरियन मागवलं की मी दचकून विचारतो, "किती वाचली?" घरच्यांना वाटतं, म्हातारा प्लेटी मोजतोय. मी मेंढरं मोजत असतो.

पोलीस खात्यात मी खून पाहिले, दरोडे पाहिले, निवडणुका पाहिल्या. शिराळ्याच्या नागपंचमीचा बंदोबस्त इतकी वर्षं केला की शेवटी शेवटी नागच मला बघून फणा खाली घ्यायचे. यातलं थोडं वाढवून सांगतोय, हे कबूल. पण पुढचं जे सांगणार आहे त्यात वाढवायला जागाच नाही. नाव मात्र कुणाचंच सांगणार नाही. माणसं हयात आहेत, आणि माझ्यापेक्षा धट्टीकट्टी आहेत.

मी तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. थंडीचे दिवस, उसाच्या तोडी जोरात. अशा वेळी दुष्काळी माण तालुक्यातले धनगर मेंढरं घेऊन आमच्या भागात उतरतात. तोड झालेल्या रानात शेतकरी त्यांना बोलावून मेंढरं 'बसवतात'. दोन-चार रात्री कळप रानात बसला की लेंडी आणि मूत पडून जमिनीला असं खत मिळतं की पुढच्या वर्षी ऊस विजेच्या तारेला टेकतो. म्हणून चांगल्या मेंढक्याला आमच्याकडे जावयापेक्षा जास्त मान. जावयाला निदान परत तरी पाठवतात.

सकाळची हजेरी घेऊन मी चहाचा पहिला घोट घेतला आणि ठाण्यातला फोन वाजला. ठाणे अंमलदारानं फोन कानापासून वीतभर लांब धरला, तरी मला सगळं ऐकू आलं.

"सायेब, विष घातलं! मेंढरं पटापटा पडाय लागल्यात! घालणारा बी घावलाय. लवकर या, न्हाईतर त्यो बी पडंल!"

स्टेशन डायरीत नोंद घातली, दोन शिपाई घेतले आणि जीप काढली. त्या जीपचं डाव्या बाजूचं दार तारेनं बांधलेलं होतं आणि सायरन हॉर्नपेक्षा भरवशाचा होता. वाटेत जनावरांच्या सरकारी दवाखान्यात फोन लावला. तिथं नव्यानं आलेल्या डॉक्टर मॅडम होत्या. वय असेल माझ्या धाकट्या मुलीएवढं. त्या एवढंच म्हणाल्या, "गाडी माझ्या दारावरून घ्या. आणि कुणालाही काही पाजू देऊ नका."

मॅडमना घेऊन रानात पोचलो तर जत्रा भरलेली. सव्वाशेच्या आसपास मेंढरं. काही आडवी पडून पाय झाडत होती, काहींच्या तोंडातून फेस गळत होता, पोटं ढोलकीसारखी फुगलेली. चार तर गेलेलीच. बांधावरच्या लिंबाला एक माणूस विहिरीच्या दोरानं बांधलेला. त्यांना आपण मिशीवाले म्हणू. मिशी अशी की डाव्या टोकावर कावळा बसला तर उजवं टोक वर उचलावं. त्यांच्या पायाशी पाठीवरचा फवारणी पंप, खुनातला कोयता ठेवावा तसा मांडून ठेवलेला.

शेजारी काठी आपटत उभे होते रानाचे मालक, आबा. मेंढरं त्यांनीच बसवलेली.

"सायेब, ह्येनंच घातलं," आबा गरजले. "बांधावरनं अकरा वर्सं वैर हाय आमचं. कालच मेंढक्याला शिव्या घातल्या ह्येनं, माझ्या रानाकडं मेंढरू फिरकलं तर बघा म्हणून. आन् आज सकाळी पंप घिऊन कळपात घुसला हुता. चार जणांनी बघितलंय!"

हेतू आहे, हत्यार आहे, साक्षीदार आहेत. पोलिसाला याहून काय हवं? मनातल्या मनात मी पंचनामा निम्मा लिहिलाही.

तेवढ्यात मेंढक्याची बायको पुढं आली. पन्नाशीची बाई, मांडीवर एका मेंढीचं डोकं. ती ओरडली नाही की रडली नाही.

"सायेब, त्या माणसाचं मागनं काय बी करा. आदी मेंढरं उटवा. ही गेली तर आमी माणला काय घिऊन जायाचं? काठी?"

मेंढका तिच्यामागं उभा होता. खांद्यावर घोंगडं, आणि तोंडातून शब्द नाही. आयुष्यभराची मिळकत समोर पाय झाडत असताना माणूस काय बोलणार?

मी जमावाकडं वळून विचारलं, "कुणी घातलं?"

त्याच क्षणी मॅडमनी विचारलं, "काय खाल्लं?"

माझ्या प्रश्नाला पन्नास जणांनी उत्तर दिलं. त्यांच्या प्रश्नाला एकानंही नाही.

मॅडम गुडघ्यावर बसल्या. मेंढीचा डोळा उघडून बघितला, तोंडाचा वास घेतला, मग पंपाचं झाकण उघडून त्याचा वास घेतला. मला बाजूला बोलावून हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, हे ते औषध नाही. कीटकनाशकानं डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, इथं तसं नाही. तोंडालाही तो वास नाही. प्रत्येक विषाचा उतारा वेगळा असतो. चुकीचा दिला तर हातातला वेळ जाईल, आणि वेळ फार थोडा आहे. त्यांनी काय खाल्लं ते मला शोधून द्या."

"आणि आरोपी?"

"आरोपी कुठं पळतोय? बांधलाय की."

मिशीवाल्यांना सोडवून मी जीपमध्ये बसवलं. चौकशीसाठी म्हणा, जमावापासून वाचवायला म्हणा. मॅडम जीपच्या तारेनं बांधलेल्या दाराशी उभ्या राहून फुगलेल्या पोटातला गॅस काढायच्या जाड सुया काढत होत्या.

"कळपात कशाला गेला होता? पंप कशाला नेला?"

"माज्या वांग्यावर फवाराय निगालो हुतो."

"वांगी तिकडं, कळप इकडं."

मिशीसुद्धा हलेना. माणूस घाबरलेला नव्हता, लाजलेला होता. पोलिसाला हा फरक कळायला नोकरीची निम्मी वर्षं जातात. घाबरलेला माणूस तुमच्याकडं बघतो, लाजलेला स्वतःच्या चपलांकडं. मिशीवाले चपलांकडं बघत होते.

मग मी माझं ठेवणीतलं हत्यार काढलं. म्हटलं, "जाऊ द्या. आबा म्हणतातच, तुमच्यात विष घालायचाही दम नाही. कुणीतरी शिकवलं असेल."

भडका उडाला.

"आबा म्हणतोय? त्यो? आवं सायेब, मी मेंढक्याला बोलवाय गेलो हुतो! हितलं झालं की माज्या रानात मेंढरं बसव म्हणून हात जोडाय! काल लोकांम्होरं शिव्या घातल्या, आन् आज त्याच तोंडानं इनवणी केली. ह्ये ह्या गर्दीत सांगू व्हय? त्यापेक्षा तुरुंग बरा!"

गाडीभर ऊस एकट्यानं उचलावा असा दांडगा माणूस, आणि विनवणी केली हे कळू नये म्हणून तुरुंगात जायला तयार! आमच्या भागातल्या मानाची ही उंची आहे. मोजायला शिडी लागते.

"आन् त्यो आबा," मिशीवाले आता थांबेनात, "लय दानशूर झालाय! मेंढका पावना म्हणून सोता मीठ घालत हुता दगडावर. एक घमेलं घातलं, परत खोलीत गेला, आनि दुसरं आनलं. दोन घमेली! आवं, ह्यो माणूस सोताच्या आमटीत मीठ घालताना बोटं मोजतोय!"

मॅडमचा हात सुयांवरच थांबला. "दुसरं घमेलं कुठून आणलं?"

इथं थोडं सांगावं लागेल. मेंढरांना अधूनमधून मीठ लागतं. ते सपाट दगडांवर पसरतात आणि मेंढरं चाटतात. मेंढकेच घालतात एरवी. पण ज्यानं कळप बसवला त्या मालकानं स्वतःच्या हातानं मीठ घातलं तर तो पाहुण्याचा सन्मान. मेंढका अशा वेळी मिठाकडं बघत नाही. मालकाच्या हाताकडं बघतो.

आम्ही दगडांकडं धावलो. सगळं चाटून साफ झालेलं. एका दगडाच्या खळग्यात चिमूटभर पांढरं राहिलं होतं. मॅडमनी ते माझ्या तळहातावर घेतलं आणि बोटानं वेगळं केलं. एकीकडं वेडेवाकडे खडे, दुसरीकडं गोल गोल मणी. मण्यांवर त्यांनी बाटलीतलं थोडं पाणी ओतलं.

माझा तळहात गारठला. बर्फ ठेवावा तसा.

"युरिया," मॅडम म्हणाल्या.

आबांना घेऊन विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत गेलो. कोपऱ्यात दोन पोती शेजारी शेजारी, दोन्ही उघडी, दोन्हींवर ठळक अक्षरात युरियाच छापलेलं. एकात खरंच युरिया, दुसऱ्यात मीठ. आमच्याकडं रिकामं पोतं कधी वाया जात नाही. त्यात धान्य भरतात, सरकी भरतात, मीठ भरतात, पावसात डोक्यावर खोळही करतात. आणि आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! मिरजेच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख तीनदा दिली, आबांनी तीनदा तोडीचं कारण सांगितलं. पहिलं घमेलं मिठाचं निघालं, त्यानं मेंढरांची जीभ चटावली. दुसरं शेजारच्या पोत्यातलं. मिठाच्या चवीवर तेही पोटात गेलं.

आबांनी ओले हात दोन्ही पोत्यांत घालून बघितले. एक हात होता तसाच, दुसरा गारठलेला. काठी गळून पडली.

"म्हंजी मी घातलं?" एवढंच म्हणाले आणि तिथंच पोत्यावर बसले.

मॅडमना बसायला वेळ नव्हता. "आंबट पाहिजे! व्हिनेगर सगळ्यात चांगलं. ते येईपर्यंत आंबट ताक आणि गार पाणी. हळूहळू पाजा, ठसका लागू देऊ नका!"

जमाव पाच मिनिटांत पांगला. मघाशी एका माणसाला ठेचायला जमलेले हेच पन्नास जण, आता कळशा घेऊन ताकासाठी घराघरांत शिरले. गावात त्या दिवशी कुणाच्या घरी कढी झाली नसेल.

आणि व्हिनेगर? किराणा दुकानात एक बाटली निघाली, तीही धूळ खात पडलेली. मला आठवल्या तालुक्याच्या गावातल्या चायनीजच्या गाड्या! सायरन लावून जीप सोडली. गाड्या लागतात संध्याकाळी, म्हणून आम्ही थेट चायनीजवाल्यांच्या घरांवर धडकलो. पहिला लुंगीवर मागच्या दारानं पळाला. दुसऱ्यानं हात वर केले, "सायेब, परवान्याचा अर्ज दिलाय!" मी ओरडलो, "परवाना राहू दे, व्हिनेगर काढ!" तिसऱ्याला वाटलं, साहेबांना सकाळी सकाळी सूप प्यायचंय, तो कोबी चिरायला बसला. पाऊण तासात तालुक्यातलं सगळं व्हिनेगर माझ्या जीपमध्ये होतं. त्या संध्याकाळी म्हणे पंचक्रोशीत कुणाला शेजवान मिळालं नाही. आमदारांच्या मुलालासुद्धा.

परत आलो तर रानात वेगळंच दृश्य. आबा एका मेंढीचं तोंड उघडून धरत होते आणि मिशीवाले ताक ओतत होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते एकमेकांशी बोलत होते. बोलणं एवढंच: "तोंड वर धर की!" "धरलंय की!" "डोळं फुटलं का तुजं?" "व्हय, फुटल्यातच!"

मॅडम कळपभर पळत होत्या. व्हिनेगरमध्ये पाणी मिसळून बाटल्या भरायच्या, पाजायच्या, पुढं जायचं. मी स्वतः पाजल्या. किती, ते सांगितलं तर वाढवून सांगतो म्हणाल. गणवेशाला तो वास महिनाभर होता. ठाण्याचा कुत्रा मला ओळखेना.

दुपार कलायच्या सुमारास पहिली मेंढी उठली. ती मेंढक्याच्या बायकोच्या मांडीवरची. उठली, डळमळली, आणि एवढा मोठा ढेकर दिला की माझ्या शिपायानं सवयीनं सॅल्यूट ठोकला. मग एकेक करत उठायला लागली. मेंढका बोटं न मोडता, नुसत्या नजरेनं मोजत होता. नऊ गेली होती. बाकीची उभी होती.

सकाळपासून न रडलेली ती बाई तेव्हा रडली.

आता माझं काम. गेलेल्या मेंढरांचं शवविच्छेदन झालं, चुना टाकून ती खोल पुरली. मी वही घेऊन मेंढक्यासमोर बसलो आणि म्हटलं, "तक्रार द्यायची तर देता येईल. निष्काळजीपणा झालाच आहे." आबा समोर मान घालून बसलेले. म्हणाले, "लिवा सायेब. माजं नाव लिवा."

मेंढक्यानं दिवसातलं पहिलं वाक्य तेव्हा उच्चारलं. "सायेब, पावना म्हणून आबांनी मीठ दिलं. त्यांच्या मनात मीठच हुतं. पोत्यात काय निगालं त्येला कोन काय करनार? माजा असाच जबाब लिवून घ्या."

मी लिहून घेतला. खात्यात इतके जबाब नोंदवले. लिहून झाल्यावर मी स्वतःसाठी पुन्हा वाचून काढला असा तो एकच. आबांनी गेलेल्या मेंढरांची भरपाई आपणहून केली. कशी, ते त्यांच्या दोघांत. आणि त्याच आठवड्यात मिरजेला जाऊन एका डोळ्याची शस्त्रक्रिया करून आले, दुसऱ्याची पुढच्या महिन्यात.

या केसनं मला काय शिकवलं? नोकरीभर मी गुन्ह्याच्या जागी जाऊन पहिला प्रश्न 'कोण' असाच विचारत आलो. लोकांनाही तोच आवडतो, कारण उत्तर त्यांच्याकडं तयार असतं. माझ्या मुलीच्या वयाच्या त्या डॉक्टरणीनं 'काय' विचारलं. मी 'कोण'च धरून बसलो असतो तर निरपराध माणूस कोठडीत गेला असता आणि कळप खड्ड्यात. पुढं जेवढी वर्षं वर्दी अंगावर होती तेवढी मी आधी 'काय झालं' विचारलं. निम्म्या वेळा 'कोण' विचारायची पाळीच आली नाही.

पुढच्या थंडीत मी मुद्दाम त्या बाजूनं गेलो. कळप आलेला होता. या वेळी मिशीवाल्यांच्या रानात. आबा घमेलं घेऊन बांध ओलांडत होते. दगडावर ओतायच्या आधी त्यांनी चिमूटभर स्वतःच्या जिभेवर ठेवलं, मग मिशीवाल्यांपुढं घमेलं धरलं. त्यांनी मिशी बाजूला सारून चाखलं, मान डोलावली. हा आता त्यांचा रिवाजच झाला होता म्हणे. मेंढक्यानं चाखलं, त्याच्या बायकोनं चाखलं. मग आबांनी मला पाहिलं.

"या सायेब. तुमी बी बगा. पंच पायजेच की."

शंभरावर तोंडं माझ्याकडं वळून वाट बघत होती. मी चिमूट जिभेवर ठेवली.

मीठच होतं.