गौरीच्या मखरातला पुरावा

सातवी पास झाल्याचा मला फार गर्व होता. खालापूरकडच्या आमच्या गावात तेव्हा एवढी शिकलेली सून मी एकटीच, त्यामुळे गावातलं सगळं शहाणपणही आपल्याकडेच आहे असा माझा पक्का समज. त्याच शहाणपणाच्या जोरावर, दोन मुलं झाल्यावर, सासूबाईंना पत्ता लागू न देता मी पाळणा लांबवण्याच्या गोळ्या घ्यायला लागले.

नवरा साजगावच्या कारखान्यात होता. तो खोपोलीच्या दुकानातून गोळ्या आणायचा. गावात येणाऱ्या नर्सबाईंकडून घेतल्या असत्या तर संध्याकाळपर्यंत गोठ्यातल्या गुरांनाही कळलं असतं. सकाळी चुलीपुढे बसायचं, धुराने डोळे चुरचुरल्यासारखे पदराने पुसायचे आणि त्या आडून गोळी गिळायची. पाकीट आणि पावती चुलीत. चंदेरी पट्टी मात्र जाळवेना. आमच्याकडे चंदेरी कागद कुणी टाकत नाही, गौरी-गणपतीच्या मखरासाठी वर्षभर साठवतात. मी पट्ट्या पिठाच्या खळीने मखराच्या पुठ्ठ्यावर चिकटवल्या. छापलेली अक्षरं आत, चांदी बाहेर, आणि गोळ्या काढताना पडलेल्या भोकांवर टिकल्या.

मखराचं गावभर कौतुक झालं. चॉकलेटचे कागद आहेत, असं मी सांगून टाकलं. बायका त्या गौरीपुढे पदर पसरून मूल मागत होत्या आणि तिच्या डोक्यावर मूल न होण्याच्या गोळ्यांची वेष्टनं चमकत होती. मला आतून हसू फुटायचं.

पुढे लावणीच्या दिवसांत माझा डावा पाय मांडीपर्यंत सुजला. "लावणी आली का हिचा पाय दुकतो," सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. मुंबईच्या डॉक्टरांनी शिरेत रक्त गोठल्याचं सांगितलं आणि कसल्या गोळ्या घेता का, असं विचारलं. नवऱ्याने जमिनीकडे बघत हो म्हटलं. जीव वाचला, पाय काही पहिल्यासारखा झाला नाही. शेतात तासभर उभं राहवेना. गावाने मला कामचुकार ठरवलं, आणि ते मला पायापेक्षा जास्त दुखायचं. गोळीच्या कंपनीवर दावा लावून मला कोर्टाचा कागद हवा होता. पाय गोळीने गेला, आळसाने नाही, एवढं त्यावर लिहिलेलं असावं.

कर्जतच्या वकिलांनी सगळं ऐकून विचारलं, "गोळी त्याच कंपनीची कशावरून? पाकीट, पावती, वरचा नंबर?"

"जाळलं."

"सगळंच?"

मग मला मखराबद्दल सांगावं लागलं. वकीलसाहेब चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. "मखर आणा," एवढंच म्हणाले.

मखर माळ्यावर, आणि माझा पाय शिडी चढणारा नव्हता. त्यात देवाच्या मखराला चिकटवलेलं ओरबाडायचं नाही, असा घरचा दंडक. उंदरांनी कुरतडलंय, नवा कागद लावायचाय, अशी थाप मी वाटभर घोकत आले. सासूबाई ओटीवर वाल सोलत होत्या. थाप अर्धीच झाली असेल, त्या उठल्या, स्वतः माळ्यावर चढल्या, मखर खाली आणलं आणि कोमट पाण्यात फडकं भिजवून माझ्या हातात दिलं.

"सावकाश काड. अक्षरं पुसशील."

"आत्या, तुमाला म्हाईत होतं?"

"आपल्या घरात चाकलेट कदी आलं गं? तुजा सासरा बिडी वडतो, शिगरेट नाय. चांदी कुटनं येनार?" त्यांनी एक पट्टी सोडवली. "आन चुलीपुडं रोज डोलं पुसत काय खायाचीस, ते दिसत नाय मला?"

माझी सातवी तिथेच पाण्यात गेली.

"मग बोलला का नाय?"

"नऊ येला बालंत झाले मी. मला कुनी आनून दिल्या असत्या, तर मी पन लपून खाल्ल्या असत्या."

दोन पट्ट्यांवरचे नंबर शाबूत निघाले. कंपनीच्या वकिलांनी मात्र भातशेतीतल्या चिखलापासून माझ्या वजनापर्यंत सगळ्यांना दोषी धरलं, फक्त गोळी सोडून. काही वर्षं तारखा पडल्या आणि दावा फेटाळला गेला. पाय गोळीनेच गेला हे सिद्ध होत नाही, असं निकालात लिहिलं होतं. तो कागद कुठे गेला ते मी कधी शोधलंही नाही.

जपून ठेवली ती साक्षीची नक्कल. कोर्टात सासूबाईंना विचारलं होतं, सून गोळ्या घेत होती हे तुम्हाला कसं ठाऊक? त्यांचं उत्तर कारकुनाने शुद्ध भाषेत उतरवलंय: "मी रोज पाहत होते. तिचा पाय त्या गोळ्यांनी गेला. मी तिला चारचौघांत आळशी म्हणाले, ते खोटं होतं."

खाली लिहिलंय, निशाणी डावा अंगठा.