लाल भारी की निळा?

काशीगावात हायवेलगत माझं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. जुन्या गाड्यांचे पार्ट वेळेवर मिळत नाहीत, किस्से मात्र रोज दारात उभे! त्यातले निम्मे दोघांचेच. राईच्या हरेश्वर पाटलांचा लाल ट्रॅक्टर, उत्तनच्या डॉमनिकचा निळा. कंपन्या वेगळ्या, दोन्ही तीसेक वर्षांचे. आणि कुठला भारी, यावर दोघंही माझं डोकं खातात.

* * *

पाटील एकदा काळा धूर सोडत आले. इंजिन चांगलंच आहे, डिझेलच खराब मिळालं, असं त्यांचं म्हणणं. मी एअर फिल्टर उघडला तर आत नुसता चिखल. कधी साफ केला होता, विचारलं.

"आमच्या लालला असले लाड लागत न्हाईत."

माझी सटकली. फिल्टर त्यांच्याच हातात दिला आणि समोर स्टूल टाकून बसलो. तासभर त्यांनीच घासला.

* * *

डॉमनिक निळ्याने किनाऱ्यावर बोटी ओढतो. खाऱ्या पाण्यातून निघाला की गोड्या पाण्याने धू, हे त्याला सांगून मी थकलो. तिसऱ्यांदा ब्रेक गंजून आला, तेव्हा तो कंपनीलाच शिव्या घालत होता. धुतलास का, विचारलं, तर म्हणे बोट कुठे रोज धुतो आपण?

"बोटीला ब्रेक असतात का रे?" मी ओरडलो. गॅरेजातले बाकीचे हसले. मला हसू आलं नाही. तो ज्या उतारावरून बोटी ओढतो, त्याच्याच खाली बायका मासे सुकवत बसतात.

* * *

ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात, डाव्या चाकाचा वेगळा, उजव्याचा वेगळा. शेतात वळायला बरं पडतं. रोडवर मात्र दोन्हींना जोडणारी पट्टी लावायचीच. पाटलांनी लावली नाही. हायवेला एकच पेडल दाबला आणि लाल गर्रकन फिरून माझ्या गॅरेजशेजारच्या चहाच्या टपरीसमोर थांबला. टपरीवाली बाई हातभर अंतरावर, हातात किटली तशीच.

पाटील खाली उतरून मला म्हणतात, "निळा असता तर उलटला असता."

मी चावी काढून घेतली. आठवडाभर दिली नाही.

* * *

आणि उत्तनला तर कहरच झाला, मी तिथेच होतो. बोट ओढताना निळा वाळूत ॲक्सलपर्यंत रुतला होता आणि भरती चढत होती. मी फोन करून पाटलांना लाल घेऊन बोलावलं. ते आले, वर कडक जमिनीवर गाडी उभी केली, खाली उतरले आणि हाताची घडी घातली. लाल भारी आहे असं डॉमनिकने चारचौघांत म्हणावं, मगच साखळी लावणार.

डॉमनिक हाताने वाळू उपसत राहिला. पाणी इंजिनाशी आलं तरी म्हणेना. मी दोघांनाही नको नको ते बोललो. काही उपयोग नाही.

तेवढ्यात डॉमनिकची बायको सिसिलिया सुक्या मासळीची पाटी खाली ठेवून आली. कोणाला न विचारता लालवर चढली, स्टार्टर मारला आणि मला म्हणाली, "साखळी लाव."

दोन झटक्यांत निळा बाहेर.

ती उतरली, तर पाटील पुढे झाले. "बाय, खरं सांग. कशी वाटली गाडी?"

सिसिलियाने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"स्टेअरिंग ढिलं हाय," ती म्हणाली. "दोघांचंबी."